फेसामागचे माप



वसई रोड किंवा नालासोपारा स्टेशनच्या बाहेर पडा. थोडे चालले की एखादे सलून दिसतेच. आत खुर्चीवर गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेले असते. कारागीर ओला ब्रश वाटीत गोल गोल फिरवतो. बघता बघता पांढराशुभ्र फेस फुगतो आणि गालावर चढतो. मग वस्तरा त्या फेसातून अलगद वाट काढत खाली येतो.

या चित्रातले कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. तुम्ही उर्दूत ‘साबुन’ म्हणता, मराठीत त्याला ‘साबण’ म्हणतात. तुमचा ‘उस्तरा’ मराठीत ‘वस्तरा’ झाला. ‘हजामत’ आणि ‘चरबी’ हे शब्द तर दोन्ही भाषांत तसेच आहेत. फक्त ‘झाग’ या शब्दासाठी मराठीत ‘फेस’ हा शब्द वापरायचा, एवढे लक्षात ठेवा.

दाढीचा हा साबण दूध घालून, हाताने, लहान प्रमाणावर कसा तयार करतात, ते आज आपण पाहणार आहोत. पाठ वाचताना एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. साबण अंदाजाने होत नाही, मापाने होतो.

प्रथम साबण म्हणजे काय, ते समजून घेऊ. साबणाला दोन मुख्य पदार्थ लागतात. एक म्हणजे तेल किंवा चरबी. दुसरा म्हणजे अल्क. नुसते तेल गालावर चोळले तर गाल चिकट होईल. नुसते तीव्र अल्क लावले तर कातडी भाजेल. पण हे दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघांचाही मूळ स्वभाव जातो. तेलाचा तेलकटपणा जातो, अल्काचा दाहकपणा जातो आणि साबण व ग्लिसरीन असे दोन नवे पदार्थ तयार होतात. या क्रियेला ‘साबणीकरण’ म्हणतात.

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही ‘अल्क’ हा शब्द वाचला असेल. इंग्रजीत त्याला ‘अल्कली’ म्हणतात. तो शब्द अरबीतल्या ‘अल-कली’वरून आला आहे. खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपे जाळून जी राख मिळत असे, तिला हे नाव होते. ती राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून साबणासाठी वापरत असत. आज राखेची गरज उरलेली नाही. वसईहून मुंबईकडे जाताना नायगाव आणि भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे तुम्ही लोकलच्या खिडकीतून पाहिली असतील. अशा मिठाच्या तीव्र द्रावणातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा तयार होतो. सोडियमच्या मिठाऐवजी पोटॅशियमचे मीठ घेतले की कॉस्टिक पोटॅश मिळते. ही दोन अल्के आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

साबण करण्याची कला फार जुनी आहे. पॅलेस्टाईनमधील नाबलुस शहर ऑलिव्हच्या तेलाच्या साबणासाठी प्रसिद्ध आहे. सीरियातील हलब, म्हणजे अलेप्पो, येथे त्या तेलात लॉरेल झाडाच्या फळांचे तेल मिसळतात. ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले, म्हणून २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही शहरांच्या साबणकलेची नोंद मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. युरोपात दाढीच्या साबणात गुरांची चरबी घालण्याची जुनी पद्धत होती. आपल्याकडे अनेकांना असा साबण अंगाला लावणे मान्य नव्हते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला होता. पुढे १९२० च्या सुमारास त्यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून साबण तयार करून बाजारात आणला. कुलपे करणाऱ्या या उद्योजकाने आपल्या साबणाला ‘चावी’ असे नाव दिले. चरबी न घालताही चांगला साबण होतो, हे त्यामुळे ग्राहकांना पटले.

आता दुधाकडे वळू. महाराष्ट्रात दुधाच्या साबणाचे चांगले उदाहरण धाराशिव जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे नाव पूर्वी उस्मानाबाद होते आणि तेथील शेळीची जात आजही ‘उस्मानाबादी’ याच नावाने ओळखली जाते. हा भाग दुष्काळी आहे. तेथील गावांतल्या काही महिला शेळीच्या दुधापासून साबण तयार करतात. यामागचा विचार साधा आहे. दूध काही तासांत नासते. त्याच दुधाचा साबण केला तर तो कित्येक महिने टिकतो आणि लांबच्या बाजारात नेता येतो. नासणाऱ्या वस्तूपासून टिकणारी वस्तू करणे, हा ग्रामीण उद्योगाचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

वसई-विरारच्या पट्ट्यातही दूध आहे, पण ते मुख्यतः तबेल्यांतल्या म्हशींचे. शंभर ग्रॅम शेळीच्या दुधात साधारण चार ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात तो सात ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून शेळीच्या दुधाची कृती म्हशीच्या दुधाला जशीच्या तशी लागू होत नाही. दूध बदलले की हिशोबही पुन्हा करावा लागतो.

आता तुम्ही विचाराल, आंघोळीचाच साबण गालाला लावला तर काय बिघडले? करून पाहा. आंघोळीच्या साबणाचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर फुटतात. दाढीच्या फेसाला दोन कामे करायची असतात. पहिले काम म्हणजे केसांजवळ पाणी धरून ठेवणे. केस पाणी शोषून घेतो आणि मऊ होतो. मऊ केस कापायला जोर लागत नाही. दुसरे काम म्हणजे कातडी आणि पाते यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणे. म्हणून हा फेस बारीक, दाट आणि टिकाऊ लागतो.

असा फेस मिळावा म्हणून जिन्नस निवडून घ्यावे लागतात. दाट आणि टिकाऊ फेस देते ते स्टिअरिक आम्ल. हे पांढरे, मेणासारखे मेदाम्ल आहे. वनस्पती तेलापासून केलेले स्टिअरिक आम्ल बाजारात मिळते. आपल्या कोकणात त्याचा एक घरगुती साठाही आहे. तो म्हणजे कोकमाचे तेल. कोकमाच्या बिया वाळवतात, कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगणारा मेद काढून त्याचे गोळे करतात. कोकणात याला ‘भिरंडेल’ असेही म्हणतात. भेगा पडलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते लावतात. या मेदात निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, म्हणून ते साध्या हवेत घट्ट राहते.

खोबरेल तेल फेस झटकन आणते, पण जास्त घातले तर कातडी कोरडी पडते. एरंडेल तेल फेस धरून ठेवायला मदत करते. एका रूढ पद्धतीत एकूण मेदाच्या निम्मे वजन स्टिअरिक आम्लाचे घेतात. उरलेल्या निम्म्यात खोबरेल, कोकमाचे तेल आणि थोडे एरंडेल असते.

अल्काचीही निवड करावी लागते. कॉस्टिक सोड्याने साबण कडक होतो. कॉस्टिक पोटॅशने तो मऊ होतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. दाढीच्या साबणाची वडी डबीत उभी राहिली पाहिजे आणि ब्रश फिरवताच विरघळलीही पाहिजे. म्हणून दोन्ही अल्के एकत्र वापरतात आणि पोटॅशचा वाटा बहुधा जास्त ठेवतात.

आता गणिताची वही उघडा. प्रत्येक तेलाची अल्काची भूक वेगळी असते. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शंभर ग्रॅम एरंडेलाला फक्त १२.८ ग्रॅम पुरतो. समजा, एखाद्याने खोबरेलाचे माप एरंडेलाला लावले. मग साडेपाच ग्रॅम सोडा शिल्लक राहील. वडी दिसायला सुंदर होईल, पण तिच्यात लपलेला सोडा गिऱ्हाईकाच्या गालावर आग करील. वस्तरा फिरून गेलेल्या कातडीला तर ती आग दुप्पट जाणवेल.

सोड्याच्या जागी पोटॅश घेतले तर माप पुन्हा बदलते. त्याच शंभर ग्रॅम खोबरेलाला पोटॅश सुमारे २५.७ ग्रॅम लागते. याचे कारण असे की कॉस्टिक सोड्याचे रेणुवस्तुमान ४० आहे, तर कॉस्टिक पोटॅशचे ५६. शिवाय बाजारातले पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेते. ते पूर्ण शुद्ध नसते. त्याच्या पुड्यावर शुद्धता लिहिलेली असते, ती पाहूनच हिशोब करावा लागतो.

जाणकार कारागीर आणखी एक खबरदारी घेतात. हिशोबाने जेवढे अल्क निघते, त्यापेक्षा ते सुमारे पाच टक्के कमी घालतात. १८.३ ग्रॅमच्या जागी १७.४ ग्रॅम. त्यामुळे अल्क सगळे संपते आणि थोडे तेल शिल्लक राहते. ते तेल गाल मऊ ठेवते. दुधातला स्निग्धांशही या शिल्लक तेलात धरावा लागतो. या कामात चमचा किंवा वाटी चालत नाही. ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा हवा.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. हे काम मोठ्या आणि शिकलेल्या माणसांचे आहे. तुम्ही ते फक्त समजून घ्यायचे आहे, घरी करून पाहायचे नाही.

कारागीर प्रथम हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा घालतो. खिडक्या उघड्या ठेवतो. भांडे स्टीलचे घेतो. ॲल्युमिनियमचे भांडे अल्क खाऊन टाकते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. मोजलेले अल्क तो थोडे थोडे करून थंड पाण्यात सोडतो. अल्कात पाणी कधीच ओतत नाही. तसे केले तर द्रावण उसळून अंगावर उडते. अल्क विरघळताना इतकी उष्णता निघते की चूल न पेटवताही भांडे हाताला चटका देते.

दुसरीकडे मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात लहान पातेले बसवतात. त्यात स्टिअरिक आम्ल आणि तेले वितळवतात. स्टिअरिक आम्ल ७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. म्हणून मिश्रण त्याहून थोडे गरम ठेवावे लागते. मग अल्काचे द्रावण बारीक धारेने ओतत ढवळतात. स्टिअरिक आम्ल अल्काला भेटताच साबण होऊ लागते. काही क्षणांत मिश्रण तांदळाच्या उकडीसारखे घट्ट होते. येथे हात थांबवून चालत नाही. मंद आचेवर तासभर किंवा अधिक वेळ शिजवल्यावर गोळा मऊ, एकजीव आणि किंचित पारदर्शक दिसू लागतो.

मग दूध कधी घालायचे? या प्रश्नातच दुधाच्या साबणाचे सगळे कसब आहे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. तीव्र अल्क आणि उष्णता यांमुळे ती साखर तपकिरी होते. प्रथिने फुटून अमोनियासारखा उग्र वासही येतो. म्हणून कारागीर दोनपैकी एक मार्ग निवडतात. पहिल्या मार्गात दुधाचा बर्फ करतात आणि त्यावर अल्क अगदी हळूहळू टाकतात. बर्फ वितळण्यात उष्णता खर्च होते आणि दूध करपत नाही. दुसऱ्या मार्गात अल्क थोड्या पाण्यात विरघळवतात. साबण शिजून अल्क संपल्यावर आच बंद करतात आणि मगच दूध मिसळतात. दाढीच्या साबणाला गरम तेल लागत असल्यामुळे हा दुसरा मार्ग सोयीचा पडतो. शेवटी थोडे ग्लिसरीन आणि वाळा किंवा गुलाबाचा हलका सुगंध घालून मिश्रण गोल साच्यांत दाबून भरतात. वड्या काही आठवडे हवेशीर जागी सुकवतात. पाणी उडून गेले की वडी घट्ट होते आणि जास्त दिवस पुरते.

या दुधाचा उपयोग तरी काय? दुधातली साखर फेस खुलायला मदत करते आणि स्निग्धांशामुळे फेस मलईसारखा वाटतो. दुधाचे काम एवढेच आहे. दुधाच्या साबणाने माणूस गोरा होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साबण दोन मिनिटे गालावर राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. वेष्टनावर जेवढे खरे आहे तेवढेच लिहिणे, हेही एक मापच आहे. ते चुकले तर गिऱ्हाईकाचा विश्वास जातो.

विक्रीसाठी साबण करायचा असेल तर कायद्याचेही माप असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि प्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. हा नियम म्हणजे कारागिराला अडवण्याचा डाव आहे असे समजू नका. साबण अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर जाणार आहे, म्हणून तो तपासलेला असावा.

अल्काचा अपघात कसा टाळावा, हेही तुम्हाला माहीत हवे. तुंबलेले पाइप मोकळे करायच्या काही पावडरींतही कॉस्टिक सोडा असतो. अशी वस्तू रिकाम्या पाण्याच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका. लहान भावंडांच्या हाती ती लागू देऊ नका. कॉस्टिक डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि किमान वीस मिनिटे धूत राहा. लिंबू किंवा सिरका लावत बसू नका. धुतल्यावर ताबडतोब दवाखाना गाठा. डोळ्याच्या बाबतीत एकेक क्षण मोलाचा असतो.

मित्रांनो, तेल, राख आणि दूध या साध्याच वस्तू. त्यांना एकत्र बांधते ते माप. ज्या महिलांनी कधी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, त्याही आज वजनकाट्यावरचा दशांश वाचतात आणि त्यावर संसाराला हातभार लावतात. शाळेत तुम्ही टक्केवारी आणि गुणोत्तर शिकता, तेव्हा ‘याचा उपयोग काय?’ असे तुमच्या मनात येते. दुसऱ्याच्या गालाला आग होऊ न देणे, हा त्याचा एक उपयोग आहे.

शब्दार्थ

अल्क – पाण्यात विरघळणारा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ
दाहक – जाळणारा, आग करणारा
स्निग्धांश – दुधातील चरबीचा भाग
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
उकड – पीठ पाण्यात शिजवून केलेला घट्ट पदार्थ
करपणे – जास्त आचेने जळणे
वेष्टन – वस्तूवरचे गुंडाळलेले आवरण

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साबणीकरण म्हणजे काय?
(आ) ‘अल-कली’ हे नाव कशाला दिले होते?
(इ) कोकमाच्या तेलाला कोकणात दुसरे कोणते नाव आहे?
(ई) कॉस्टिकसाठी ॲल्युमिनियमचे भांडे का वापरत नाहीत?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दूध शेवटी घालतात.
(आ) दाढीच्या साबणात दोन्ही अल्के वापरतात.
(इ) शेळीच्या दुधाची कृती म्हशीच्या दुधाला तशीच चालत नाही.

प्र. ३. हिशोब करा.
२०० ग्रॅम एरंडेल तेलाचा साबण करायचा आहे. कॉस्टिक सोडा पाच टक्के कमी घालायचा आहे. तर तो किती ग्रॅम घ्यावा?

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, उच्चारात थोडा फरक पडलेले पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

उपक्रम
दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी आणि दुसरीत विहिरीचे किंवा बोअरिंगचे पाणी सारखे मोजून भरा. दोन्हींत साबणाचा सारख्या वजनाचा किस टाका, झाकण लावा आणि सारख्याच वेळा हलवा. कोणत्या बाटलीत फेस जास्त येतो आणि कोणत्या बाटलीत पांढरा साका दिसतो, ते वहीत लिहा. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाला फेस येऊ देत नाहीत. तुमच्या निरीक्षणाशी हे जुळते का, याची वर्गात चर्चा करा.